देवकाच्या पोटात

काबोनेरा, ९ जानेवारी

नाबिसुबी,

तुझा फोन बंद आहे की तू मला बंद केलं आहेस, हे मला कळत नाही. तुझा भाऊ मातिया म्हणतो की त्या नंबरवर आता कुणी भलताच माणूस बोलतो आणि शिव्या देतो. म्हणून कागद घेतला. हे पत्र कम्पालाला जाणाऱ्या सेन्तामूच्या टॅक्सीतून पाठवते आहे. विद्यापीठाच्या फाटकावर देतो म्हणाला, आणि वर हसून म्हणाला, "आत मात्र जायचा नाही मी, आत किडे फाडतात." म्हणजे गोष्ट कुठवर पोचली आहे ते बघ.

बापाला मातीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तू पहिल्या गाडीने गेलीस. पिशवी नेलीस, बूट नेलेस, बाटल्या नेल्यास. आईला सांगून जायचं तेवढं राहिलं. मी उठून तुझ्यासाठी चहा ठेवला होता. तो नंतर बोना काकांनी प्यायला.

झालं ते मी पुन्हा लिहिते, कारण तू ते आपल्या डोक्यात तुझ्या सोयीने रचून ठेवलं असणार. मयताला आलेल्या बायकांना गार पाणी हवं होतं. त्यांच्यातल्या एकीने फ्रिज उघडला. टोमॅटोशेजारी तुझ्या बाटल्या. स्पिरिटमध्ये बुडवलेले हिरवे नाकतोडे, तुमचे न्सेनेने, पोट उभं चिरलेले. आता न्सेनेने चिरायला कुणाची ना नाही. मसाकाच्या बाजारात बायका दिवसभर त्यांचे पंख उपटत बसलेल्या असतात, आणि अख्खा देश तळून खातो. पण तुझा बाप त्याच कुळाचा. न्सेनेने हे तुमचं देवक. तुम्ही ते खात नाही, मारत नाही, वाटेत दिसलं तर बाजूने जाता. ही गोष्ट तुला चालता येण्याआधी शिकवली होती.

ती बाई किंचाळली. तुझे बोना काका धावत आले, बाटली उजेडात धरून बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सख्ख्या बापाच्या मयताला आलीस, आणि त्याचंच देवक फाडून टोमॅटोशेजारी ठेवलंस?"

तू काय म्हणालीस? "टोमॅटोशेजारी ठेवलं ते चुकलं, काका."

मला माहीत आहे की तुला थट्टा करायची नव्हती. तू रात्रभर रडली होतीस, डोकं चालत नव्हतं, तोंडातून पहिलं निघालं ते निघालं. पण अंगणात दीडशे माणसं होती, पोरी. त्यातली निम्मी हसली आणि निम्मी बोना काकांकडे बघत राहिली. हसणाऱ्यांचा राग त्यांना जास्त आला.

आता नीट वाच. मे महिन्यात बाबांचं उत्तरकार्य आहे. मातियाला वारस म्हणून झाडाच्या सालीच्या वस्त्रावर उभं करतील. त्याच्या शेजारी लुबुगा म्हणून त्याची बहीण हवी. बहीण एकच आहे, ती तू. बोना काका म्हणतात, तुला बसू देणार नाहीत. ते त्यांच्या मुलीला बसवतील. एकदा ती बसली की जन्मभर मातियाची लुबुगा तीच. घरातल्या प्रत्येक कार्यात तीच पुढे, आणि तू पाहुणी. हे नंतर बदलता येत नाही.

तेव्हा रुसवा पुरे. उत्तर पाठव.

आई

काबोनेरा, ४ फेब्रुवारी

नाबिसुबी,

उत्तर आलं. पानभर आलं, तेही अर्धं पान तुझ्या कामाविषयी. "मम्मा, तब्येत कशी आहे" एवढंही नाही. तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो.

तू लिहितेस की न्सेनेने गवताची कणसं खातात, पण गवतातला कठीण भाग त्यांना स्वतःला पचवता येत नाही. त्यांच्या आतड्यात जिवाणू राहतात. ते गवताचं काहीतरी करतात, आणि मग त्यातून किड्याला पोषण मिळतं. म्हणजे खातो न्सेनेने आणि आतला स्वयंपाक करतं दुसरंच कुणी. हे मला पहिल्या वाचनात कळलं. तू तीनदा समजावलंस. मी शाळेत चार वर्षंच गेले असले तरी तुझी सगळी पुस्तकं वाचून काढली आहेत, डिक्शनरी शेजारी ठेवून. तू ती इथे टाकून गेलीस ते बरंच झालं.

न्सेनेने दर वर्षी कमी उतरतात, आणि पिंजऱ्यात पाळायला घेतले तर टिकत नाहीत. ते का टिकत नाहीत ते तुला त्यांच्या पोटात सापडेल, असं तू म्हणतेस. ठीक आहे. पण हे सगळं मला लिहून उपयोग काय? मी त्या कुळाची नाही. मी मम्बा कुळाची, मला फक्त मम्बा मासा वर्ज्य. समजवायचं ते बोना काकांना, आणि त्यांना तू एक ओळ लिहीत नाहीस.

म्हणून मीच त्यांच्याकडे गेले. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"भावजी, पोरीने काय केलं म्हणजे तिला बसू द्याल?"

"वहिनी, जगात किडे थोडे आहेत का? झुरळं फाड म्हणावं. रातकिडे फाड. आमच्याच मानेवर सुरी का?"

"रातकिडे चालतील?"

"रातकिडा कुणाचंच देवक नाही. खुशाल."

हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी लगेच क्योतेराच्या वाटेवरच्या रेजिनाकडे गेले. ती रातकिडे पाळून विकते. तिने दोन पसे पिल्लं दिली. आता तुझ्या खोलीत प्लास्टिकच्या मोठ्या पाट्या आहेत, त्यात अंड्यांचे पुठ्ठे, ओला कापूस आणि बारीक वाळूचं मडकं. रताळ्याचा पाला, कसाव्याचा पाला आणि मक्याचा कोंडा घालते. मोठे झाले की तुला पाठवते, तू त्यांची पोटं बघ, आणि न्सेनेनेला सोडून दे.

आई

ता. क. तुझ्याच पुस्तकात काल वाचलं की न्सेनेने हा खऱ्या नाकतोड्यापेक्षा रातकिड्याच्या जवळचा आहे, चुलत भाऊ म्हणावा इतका. हे तू मला आधी सांगायचं नाहीस? ते पुस्तक मी गादीखाली ठेवलं आहे. बोना काका वाचत नाहीत, पण त्यांची मुलगी वाचते.

काबोनेरा, ३ मार्च

नाबिसुबी,

तुझी चिठ्ठी मिळाली. "मम्मा, मला रातकिडे नकोत, मला न्सेनेनेच हवेत, कारण त्यांची आतली वस्ती अगदी वेगळी असते." चौदा शब्द. मी तुझ्यासाठी रोज सकाळी त्यांची लीद काढते, रात्री त्यांच्या किरकिरीत झोपते, आणि मला चौदा शब्द.

असो. आता एक नवंच झालं आहे, आणि त्याचं उत्तर तूच देऊ शकतेस, म्हणून राग बाजूला ठेवते. तात्पुरता.

दोन रविवारांपूर्वी मी चर्चला गेले होते. बोना काका आपल्या चालीने माझ्या घरात शिरले, पाट्या बघितल्या, आणि त्यांना रातकिड्यांची लीद पातळ वाटली. आता त्यांच्या कोंबड्यांना जरा काही झालं की ते पाण्यात पिवळी पावडर घालतात. तू ती बघितली आहेस, पाण्याला चहासारखा रंग येतो. तीच त्यांनी सगळ्या कापसांवर ओतली. प्रेमाने! मी परत आले तेव्हा पाट्यांपुढे बसून माझ्या शाबासकीची वाट बघत होते.

"वहिनी, आता बघा कसे टुणटुणीत होतात."

ते चांगल्यासाठीच करत होते, त्यामुळे मी ओरडलेही नाही. हे अधिक वाईट. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दोन-तीन दिवस पाण्याला पिवळा रंग होता, मग मी कापूस बदलला. कुणी मेलं नाही. खातात तर आधीपेक्षा जास्त. रताळ्याचा पाला रात्रीत साफ. पण वाढत नाहीत. पाठीवरचं सोलपट टाकायची वेळ झाली तरी टाकत नाहीत, पोट पातळ, पाय काटकुळे. रेजिनाची त्याच वेळची पिल्लं आता पंख काढून गातात, आणि माझी अजून मुंगीला भितील अशी.

मी लीद बोटावर घेऊन बघितली. (तोंड वाकडं करू नकोस. तू काय करतेस ते मला माहीत आहे.) तिच्यात पाला जसा गेला तसाच बाहेर आला आहे. हिरवे तुकडे दिसतात.

काय करू ते लिही. चौदा शब्दांपेक्षा जास्त.

आई

काबोनेरा, २९ मार्च

नाबिसुबी,

दोन पानं! मी ती दोनदा वाचली, मग बोना काकांना आपल्या लुगांडा भाषेत वाचून दाखवली, आणि ती तुझी आहेत हे सांगितलं नाही. "रेजिनाच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी लिहिलंय," म्हटलं. ते मान हलवत ऐकत होते. "हुशार माणूस," म्हणाले. त्यांना अजून वाटतं तो पुरुषच आहे.

तुझं म्हणणं पटलं. पिवळ्या पावडरीने कोंबड्यांचे रोगजंतू मरतात, तर रातकिड्यांच्या आतड्यातले कामाचे जिवाणूही मरणार. मग खायचं पोटभर, आणि राहायचं उपाशी. मक्याचा दळलेला बारीक कोंडा अजून थोडा अंगी लागतो, पाला मात्र नाही, हे तू लिहिलंस आणि मला तसंच दिसत होतं.

पण पुढचं. "निरोगी रातकिड्यांची ताजी लीद आणून पाट्यांत टाक. पिल्लं ती चाटतात आणि त्यातून नवी वस्ती पोटात जाते. नक्की सांगता येत नाही, पण करून बघ." हे तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस. मला मात्र रेजिनाच्या दारात उभं राहून मागावं लागलं.

"रेजिना, थोडी लीद दे."

"कशाची?"

"रातकिड्यांची."

"बागेला?"

"नाही. माझ्या रातकिड्यांना खायला."

तिने आतून नवऱ्याला हाक मारली. "अहो, बाहेर या जरा. ही नाबोसा बघा, पुन्हा लग्न न केल्याचे परिणाम." मी इतकी हसले की तिथल्या बाकावर बसावं लागलं. तुझे बाबा, कालिब्बाला, वारल्यापासून पहिल्यांदा हसले असेन. मग तिथेच रडले. रेजिनाने केळीच्या पानात लीद बांधून दिली, वर शेंगदाण्याची पूड बांधून दिली, दोन्ही पुड्या सारख्याच. घरी येऊन मला प्रत्येक पुडी हुंगावी लागली.

तीन आठवडे होत आले. मोठी पिल्लं सुधारली नाहीत, काही मेली. पण रेजिनाने नंतर दिलेल्या वाळूतल्या अंड्यांतून जी नुकतीच निघाली होती ती बघण्यासारखी झाली आहेत. काळी, जाड पायांची. त्यांच्या लिदेत हिरवे तुकडे नाहीत.

बोना काका रोज येतात. आधी पावडर टाकायला आत येऊ देणार नाही म्हटल्यावर दारातून वाकून बघायचे, आता आत येऊन बसतात. परवा म्हणाले, "म्हणजे वहिनी, पोट भरलं तरी आत स्वयंपाकीण नसेल तर उपाशी."

"तसंच."

"आणि आमच्या न्सेनेनेच्या आतही अशी वस्ती?"

"तेच ती पोरगी बघते आहे, भावजी."

ते उठले, टोपी घातली आणि गेले. रागावले की विचारात पडले ते मला ओळखू येत नाही. त्यांच्या भावाचंही मला कधी ओळखू यायचं नाही.

कुळातली म्हातारी मंडळी ईस्टरनंतर बसणार आहेत. उत्तरकार्याचं सगळं तेव्हा ठरेल. तू येशील का? नुसतं "बघते" लिहू नकोस. "बघते" म्हणजे नाही, हे मला माहीत आहे. ही सवय बापाची.

आई

काबोनेरा, २१ एप्रिल

नाबिसुबी,

तू आली नाहीस. बैठक झाली. सांगते.

माझ्या अंगणात चटयांवर बसले होते. मधे लुका आजोबा, कुळात सगळ्यांत वयस्क. ऐकू कमी येतं, पण सोयीचं तेवढं सगळं येतं. वारस मातिया, हे दोन मिनिटांत ठरलं. मग लुबुगा. बोना काकांची मुलगी नवा बुसूटी नेसून मागे बसलेलीच होती. पोरीला दोष नाही. तिला बसवलं, म्हणून बसली.

लुका आजोबांनी विचारलं, "कालिब्बालाची मुलगी कुठे?"

मी म्हटलं, "कम्पालाला. लाजते."

तू लाजत नाहीस, रुसली आहेस, हे मला माहीत आहे. पण काय सांगायचं ते मी ठरवणार. तिथे तू नव्हतीस.

मग मी ते सांगितलं जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. नोव्हेंबरात तू त्या बाटल्या ठेवून गेलीस, त्यानंतर दोन दिवसांनी तुझ्या बाबांनी फ्रिज उघडला. मी मागे उभी होते. ते बघत राहिले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी बाटलीवरची तुझी चिठ्ठी वाचली, म्हणाले, "अक्षर अजून कोंबडीचेच पाय," आणि दार लावलं. त्यानंतर त्यांनी ते दार कधी उघडलं नाही. मरेपर्यंत महिनाभर कोमट पाणी प्यायले. मी गार पाणी आणून दिलं तर म्हणायचे, "नको, घसा धरतो." घसा कसला धरतो. त्यांना ते बघायचं नव्हतं, आणि तुला सांगायचंही नव्हतं की बघायचं नाही.

 लुका आजोबांनी विचारलं, "काय म्हणाली?" आणि शेजारच्याने त्यांच्या कानात सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्याने, आणि मला ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

मग बोना काका उभे राहिले. मला वाटलं आता झालं. ते म्हणाले, "मी माझ्या हाताने या घरातले रातकिडे उपाशी मारले. चांगल्यासाठी. पोट भरलेलं, आणि आत काही नाही. मी डोळ्यांनी बघितलं. आमचे न्सेनेने दर वर्षी कमी येतात. लोक म्हणतात दिवे जास्त झाले, लोक म्हणतात गवत कमी झालं. ही मुलगी त्यांच्या पोटात बघते आहे. बघायला माझी हरकत नाही." मग बोट वर केलं. "पण आपल्या कुळाच्या मुलीने आपल्या हाताने मारायचं नाही. ते मी मान्य करणार नाही. मेलो तरी."

लुका आजोबा म्हणाले, "मारेल कोण मग? रातकिडा मारेल?"

सगळे हसले.

"कुळाबाहेरचं कुणी असेल तर चालेल," बोना काका म्हणाले. "ती नुसतं बघेल."

सुनांकडे सगळ्यांनी बघितलं. एकीने हात तोंडाला लावला. एक म्हणाली मला चक्कर येते. एक म्हणाली मी तळून देईन, चिरायचं जमणार नाही.

मी हात वर केला.

बोना काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही? या घरात आल्यापासून तुम्ही न्सेनेने तोंडाला लावलेला नाही. गवतातून जाताना पाय उचलून चालता."

"चालते. पण मी तुमच्या कुळाची नाही."

लुका आजोबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "लिहा. लुबुगा कालिब्बालाची मुलगी. अट पाळली तर." आणि जेवण मागितलं.

बोना काकांची मुलगी उठून आत आली आणि मला मिठी मारून म्हणाली, "बरं झालं, मोठी आई. मला मातियाच्या शेजारी बसायची भीती वाटत होती, तो फार घोरतो." म्हणजे तिला वाटलं होतं, लुबुगाने रात्रीही शेजारीच असायचं. आपल्या घरातल्या मुलींना काही धड शिकवत नाही कुणी.

अट कळली ना? तू मारायचं नाहीस. मी मारीन, मी चिरीन. तू बघ. याला हो म्हण, आणि उत्तरकार्याला ये. शनिवार, ९ मे.

आई

काबोनेरा, १ मे

नाबिसुबी,

सेन्तामूच्या हाती पाच बाटल्या आहेत. स्पिरिट मसाकाच्या औषधांच्या दुकानातून घेतलं. बाटल्यांवर तारीख आणि जागा लिहिली आहे. अक्षर माझं, वाचता येईल असं.

चिरले मी. याहून जास्त आज विचारू नकोस.

आई

काबोनेरा, ५ मे

नाबिसुबी,

काल संध्याकाळी बोना काका केळीतून पळत आले. एका हातात फोन उंच धरलेला, दुसऱ्या हाताने अंगातली पायघोळ कांझू वर उचललेली, आणि ओरडत होते, "वहिनी! वहिनी, लवकर! बॅटरी संपेल!" मला वाटलं कुणी गेलं.

पाच महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. आणि तू काय विचारलंस? "मम्मा, पोट अख्खं निघालं का?"

मी म्हटलं, कुणाचं?

मग तू हसलीस, मग तू रडलीस. मग काकांना फोन दे म्हणालीस. ते काय बोलले ते मला कळलं नाही, कारण ते घराच्या मागे जाऊन बोलले. परत आले ते नाक पुसत. म्हणाले, "ती म्हणते ते पत्र तिनेच लिहिलं होतं. डॉक्टर नव्हता कुणी." मी म्हटलं नव्हता. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." वाटलं नव्हतं.

मग फोन पुन्हा माझ्याकडे आला. तू म्हणालीस, "येते शनिवारी," आणि बॅटरी संपली. कशाने येतेस, किती वाजता येतेस, एकटी येतेस की कुणाला घेऊन येतेस, काही नाही. बाजारात किती केळी सांगू ते मला कळायला नको?

म्हणून हे पत्र, आणि त्यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फोनवर बोना काका कान देऊन उभे होते, म्हणून सांगितलं नाही.

नाही. सगळ्यांची पोटं अख्खी नाही निघाली.

या वेळी न्सेनेने थोडेच उतरले. चौकातल्या दिव्यांखाली, किडे घसरून पिंपात पडावेत म्हणून, लोखंडी पत्रे उभे करून माणसं रात्रभर थांबली, आणि सकाळी पिंपाचा तळ जेमतेम झाकला होता. त्यातले मूठभर मी मागून घेतले. विकणारी म्हणाली, "आता तुम्ही खायला मोकळ्या, नाही का, मालकीणबाई? ते गेले ना."  लग्नानंतर तुझे बाबा मला म्हणायचे, तू माहेरी जाऊन खा ना, मी काही विचारणार नाही. मी नाही खाल्ले. मनाई म्हणून नाही. एका घरात एकच पथ्य असावं असं मला वाटायचं. ते गेल्यावरही ते पाळत होते. पुढेही पाळलं असतं. त्यांच्यासाठी आता करायला माझ्याजवळ दुसरं फारसं काही उरलेलं नाही.

ते मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले. तुझ्या पुस्तकात लिहिलं आहे तसं आधी थंड केले. मग दिवा जवळ घेतला. पहिला हातात घेतला तेव्हा तो हलला. मी त्याला खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन आले. परत आले तेव्हा तो गप्प होता. मी म्हटलं, "कालिब्बाला, हे मी करते आहे. ती नाही." हे मी मोठ्याने म्हटलं, शेजारणीने ऐकलं असेल. ऐकू दे.

पहिल्याचं आतडं फाटलं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याचं निम्मं आलं. तिसऱ्यानंतर कुठे चिरायचं ते हाताला कळलं. आत हिरवं आहे, नाबिसुबी, आणि त्याला कच्च्या गवताचा वास येतो. इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं. पाच बाटल्या त्यातल्या चांगल्या निघालेल्यांच्या आहेत. बाकीचे मी केळीच्या बुंध्याशी पुरले.

शनिवारी सकाळी लवकर ये. आधी बाबांच्या कबरीवर जा, मग घरात, मग मातियाच्या शेजारी बस. सालीचं वस्त्र तुझ्यासाठी रेजिनाने दिलं आहे, तिच्या सासूचं. लांब आहे, पाय अडकेल, जपून.

पाच पुरणार नाहीत तुला, हे मला माहीत आहे. तू म्हणशील अजून हवेत, आणि मग पुढच्या नोव्हेंबरात अजून. करीन. पण येताना तुझ्या प्रयोगशाळेतलं बारीक पातं आण. मी तुझ्या बाबांच्या दाढीच्या पात्यांनी चिरलं. त्यांना आता धार राहिली नाही, आणि नवी ते ज्या दुकानातून घ्यायचे तिथे मी अजून जात नाही.

आई